बाथच्या असेंब्ली रूम्स: सोलापूरच्या कापडवाल्यानं बघितलेल्या

परवा अशोक चौकात टपरीवर चहा घेताना परत तोच विषय निघाला. शेजारच्या कारखान्यातल्या एकाचा मुलगा इंग्लंडात ब्रिस्टलला शिकायला चाललाय, पुढच्या वर्षी आईवडील भेटायला जाणार, तर तिकडं काय काय बघायचं म्हणून मला विचारत होते, कारण आमची मोठी तिथंच असते आणि आम्ही दोघं २०२२ ला दोन महिने राहून आलो. मी म्हटलं बाकी काही राहिलं तरी चालेल, पण बाथला जा आणि तिथल्या असेंब्ली रूम्स बघा. ते म्हणाले "ते काय असतंय ओ?" आता टपरीवर उभं राहून पाच मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय, आणि आपल्या सोलापूरचे बाकीचे पण कुणी जाणार असतील तर त्यांना उपयोगी पडेल.

आधी एक सांगतो. लंडनहून एका दिवसाच्या बस टूर निघतात त्यातली एक आमच्या नात्यातल्यांनी घेतली होती, त्यात बाथला जेमतेम दीड तास, रोमन लोकांची जुनी स्नानगृहं दाखवली की परत बसमध्ये बसा. असेंब्ली रूम्सचं नाव पण नाही काढलं. तसं करू नका. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून रेल्वेनं साधारण दीड तास लागतो आणि ब्रिस्टलहून तर पंधरा मिनिटांच्या आसपास, स्वतः जा आणि अख्खा दिवस द्या. स्टेशनपासून बेनेट स्ट्रीटपर्यंत, म्हणजे या रूम्स आहेत त्या रस्त्यापर्यंत, चालत वीसेक मिनिटं, सगळा चढ आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश जायचं. वाटेत एका ठिकाणी आम्ही कॉफी घेतली, त्या पैशात इथं घरच्या सगळ्यांचा नाश्ता झाला असता, तेव्हा पाण्याची बाटली आणि कडक भाकरी-शेंगाचटणी पिशवीत असू द्या, आमच्या हिनं नेली होती आणि बागेतल्या बाकावर बसून खाल्ली ती फार गोड लागली.

आता ही बिल्डिंग म्हणजे नेमकं काय. बाथ हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, तिथलं पाणी प्यायलं, त्यात अंघोळ केली की दुखणी बरी होतात म्हणून अठराव्या शतकात इंग्लंडातले सगळे पैसेवाले तिथं सीझनला येऊन राहायचे. दिवसा अंघोळ-पाणी होतंय पण संध्याकाळी काय करायचं? तर नाच, पत्ते, चहा, गाणंबजावणं आणि मुख्य म्हणजे एकमेकांना भेटणं, बघणं, ओळखी काढणं. त्यासाठी जी सार्वजनिक जागा असायची तिला असेंब्ली रूम्स म्हणायचे. गावात खालच्या बाजूला आधीपासून अशा रूम्स होत्या, पण गाव वर टेकडीकडं वाढत गेलं तसं नवीन वस्तीतल्या लोकांना आपली वेगळी, मोठी जागा पाहिजे झाली. म्हणून या झाल्या अप्पर रूम्स. खालच्या १८२० मध्ये आगीत गेल्या, वरच्या अजून उभ्या आहेत.

मी हिला समजावून सांगताना म्हटलं की बघ, मंगल कार्यालय, क्लब, नाट्यगृह आणि वधू-वर परिचय मेळावा हे चारही एकाच छताखाली आणले तर जे होईल ते हे. वधू-वर मेळावा मी उगाच म्हणत नाही. लग्नाच्या वयाच्या पोरीपोरांना चारचौघांत एकमेकांना बघायची, बोलायची, हात धरून नाचायची ती एकच सभ्य जागा होती, आया कडेला बसून लक्ष ठेवायच्या, कुणाचं घराणं काय, उत्पन्न किती, हे सगळं तिथंच समजायचं. आणि ओळख करून द्यायला एक माणूसच नेमलेला असायचा, मास्टर ऑफ सेरेमनीज. या नवीन रूम्सचा पहिला मास्टर कॅप्टन विल्यम वेड, त्याचं गेन्सबरो या चित्रकारानं काढलेलं मोठं चित्र आहे, रुबाबदार माणूस. कोण कुणाबरोबर नाचणार, कोण आधी, कोण नंतर, कपडे नियमात आहेत का, सगळं तो बघणार. आपल्याकडं मेळाव्यात माईक घेऊन जे काका उभे असतात ना, नाव-शिक्षण-गोत्र वाचून दाखवतात, त्यांचंच काम, फक्त जास्त अधिकारानं.

ही बिल्डिंग बांधली जॉन वुड धाकटा या आर्किटेक्टनं. त्याच्या बापाचं नाव पण जॉन वुडच, बापानं तिथला सर्कस नावाचा गोल चौक आखला आणि पोरानं तो पुरा केला, रॉयल क्रेसेंट ही अर्धचंद्रासारखी घरांची ओळ पण पोराचीच. आधी रॉबर्ट अ‍ॅडम या त्या काळातल्या फार नावाजलेल्या आर्किटेक्टचा प्लॅन आला होता पण तो लय खर्चिक म्हणून सोडला. पैसा उभा केला टोंटीन पद्धतीनं. म्हणजे आपल्या भिशीसारखं सगळ्यांनी मिळून पैसे घालायचे, नफ्याचा वाटा घ्यायचा, आणि भागीदारांपैकी कोण वारलं की त्याचा वाटा उरलेल्यांत वाटला जायचा. काम १७६९ ला सुरू आणि ३० सप्टेंबर १७७१ ला मोठ्या थाटात उद्घाटन. आपल्याकडं तेव्हा थोरले माधवराव पेशवे होते, एवढं डोक्यात ठेवलं की काळ समजतो.

बाहेरून बघितलं तर खरं सांगू, काहीच वाटत नाही. पिवळसर बाथ स्टोनच्या साध्या सरळ भिंती, खिडक्या, त्रिकोणी कपाळ, बस. ही तर म्हणाली "एवढ्यासाठी एवढा चढ चढवला होय." इंद्रभुवन डोळ्यात बसलेल्या माणसाला ती बिल्डिंग बाहेरून फारच साधी वाटणार. आपलं इंद्रभुवन बाहेरूनच बोलतं, मूर्ती काय, खांब काय, नक्षी काय, आप्पासाहेब वारदांनी ते बांधताना रस्त्यावरनं जाणाऱ्याला पण बघायला मिळावं असंच बांधलंय. बाथचं उलटं आहे. तिथं सगळं आत राखून ठेवलंय, आत आल्याशिवाय काही दिसणार नाही, आणि आत यायला वर्गणी भरलेली पाहिजे. दोन्हीत कोण चांगलं हे मी नाही ठरवणार, पण आत गेल्यावर समजलं की बाहेर का गप्प ठेवलंय.

त्या काळात लोक यायचे ते सेडन चेअरमधून. दोन माणसांनी पुढं-मागं दांड्या धरून उचलायची बंद खुर्ची, आपल्याकडच्या मेण्यासारखी. पावसात बायकांचे गाऊन भिजू नयेत म्हणून थेट दाराच्या छपराखाली आणून सोडायचे.

आत गेलं की मध्ये एक अष्टकोनी खोली आहे, तिला ऑक्टॅगनच म्हणतात. एका बाजूला बॉलरूम, एका बाजूला टी रूम, आणि १७७७ मध्ये मागनं जोडलेली कार्ड रूम. म्हणजे प्लॅन असा केलाय की माणूस फिरत राहावा, नाचातून चहाला, चहातून पत्त्यांना, परत नाचाला, आणि प्रत्येक वेळी ऑक्टॅगनमधून जाताना कुणी ना कुणी भेटावंच. रविवारी पत्ते बंद, म्हणून रविवारी लोक तिथं ऑर्गनचं वादन ऐकत नुसते फिरायचे. मला हा प्लॅन फार आवडला. आपल्या कार्यालयांमध्ये एक हॉल, एक डायनिंग आणि मध्ये अरुंद पॅसेज, सगळी गर्दी तिथं अडकते. या माणसानं अडीचशे वर्षांपूर्वी तो मधला पॅसेजच सगळ्यात सुंदर खोली करून टाकलाय.

आणि बॉलरूम. लांबी शंभर फुटाच्या वर, रुंदी बेचाळीसच्या आसपास आणि उंची पण जवळजवळ तेवढीच, म्हणजे चार मजली घराएवढी उंच एकच खोली. बाथमधली अठराव्या शतकातली सगळ्यात मोठी खोली म्हणतात ती हीच. मी आयुष्यभर शेडमध्ये काम केलंय, माग लावलेले मोठमोठे शेड बघितलेत, जागेचा अंदाज मला पटकन येतो, तरी दारात पाय थबकले. वर एका रांगेत पाच झुंबरं. खाली पूर्ण मोकळी लाकडी जमीन. भिंती फिक्कट निळ्या, जवळजवळ कोऱ्या. खिडक्या आहेत पण एकदम वर, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर.

इथं मी बराच वेळ उभा राहिलो कारण मला काहीतरी खटकत होतं. मी तीस वर्षं चादरी आणि टॉवेलचे जकार्डचे, म्हणजे मागावरच विणल्या जाणाऱ्या नक्षीचे, डिझाईन काढतोय, आधी ग्राफ पेपरवर एकेक घर रंगवून, आता कॉम्प्युटरवर, आणि डिझाईन काढणारा माणूस आधी बघतो की ग्राउंड, म्हणजे मागची कोरी जमीन, कुठलं आणि फिगर, म्हणजे त्यावरची नक्षी, कुठली. ही खोली म्हणजे नुसतं ग्राउंड आहे हो. फिगर कुठंच नाही. एवढा पैसा घातला आणि भिंती कोऱ्या का सोडल्या? मग मोठीनं मोबाईलवर वाचून दाखवलं की खिडक्या एवढ्या उंच ठेवल्या त्या बाहेरच्यांना आत डोकावता येऊ नये म्हणून, आणि भिंती साध्या ठेवल्या त्या नाचणाऱ्यांचे रंगीत कपडे उठून दिसावेत म्हणून. तेव्हा एकदम डोक्यात प्रकाश पडला. फिगर म्हणजे माणसं. त्यांचे रेशीम, जर, लेस, मलमल. खोली काढतानाच वुडनं ठरवलेलं की आपण ग्राउंड विणायचं, डिझाईन लोक अंगावर घालून येतील. एका कापडवाल्याला याच्यापेक्षा मोठा मान काय असणार? मी खरंच हात जोडले तिथं.

उजेडाचं पण तसंच. एकेका झुंबरात चाळीस मेणबत्त्या, पाच झुंबरं, म्हणजे दोनशे ज्योती वरून हलतायत आणि खाली जर चमकतेय. विजेचा दिवा एकसारखा पडतो, त्यात जर मेल्यासारखी दिसते, ज्योत हलली की जर जिवंत होते, देवघरातल्या समईपुढं पैठणी बघितलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. आता झुंबरं विजेवर आहेत, पण काच तीच जुनी.

त्या झुंबरांची एक गोष्ट आहे. सुरुवातीला जोनाथन कॉलेट नावाच्या माणसानं बनवलेली लावली होती, आणि उद्घाटनाला थोडेच दिवस झाले असतील तेवढ्यात एका झुंबराचा हात तुटून खाली पडला. खाली कोण, तर चित्रकार गेन्सबरो, थोडक्यात वाचला. मग ती सगळी उतरवली, विल्यम पार्करकडून नवीन पाच करून घेतली, आणि जुन्यांचे चांगले तुकडे जोडून एक झुंबर केलं ते आता ऑक्टॅगनमध्ये आहे. फेकलं नाही. आपल्या बाया जुन्या लुगड्याची वाकळ शिवतात तसं.

नाचाचा टाइम पण ठरलेला. संध्याकाळी सहाला सुरू, अकराच्या ठोक्याला बंद, मध्येच नाच चालू असला तरी बंद. आधी दोन तास मिन्युएट, त्यात एका वेळी एकच जोडपं मधल्या मोकळ्या जागेत नाचणार आणि हजारेक माणसं बघणार. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीची काय अवस्था होत असेल विचार करा, आपल्याकडं कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन आठ माणसांसमोर यायचं तर हात कापतात. मग सगळ्यांचे मिळून नाच, नऊला चहाची सुट्टी, टी रूममध्ये जायचं, परत येऊन अकरापर्यंत.

टी रूम मला बॉलरूमपेक्षा पण देखणी वाटली, एका टोकाला दोन मजली खांबांची ओळ आहे आणि तीन झुंबरं. तिथं चहापाणी व्हायचं आणि सीझनमध्ये दर आठवड्याला गाण्याच्या मैफली. फार लिहीत नाही, जाऊन बघा.

आम्ही गेलो तेव्हा खाली तळघरात फॅशन म्युझियम होतं. हे मात्र आता तिथं नाही, ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीला ते तिथून हललं, आम्हाला शेवटचा महिना मिळाला हे नशीब. १९६३ पासून ते त्या बिल्डिंगमध्ये होतं, डोरिस लँग्ली मूर नावाच्या बाईनं आयुष्यभर जमवलेल्या जुन्या कपड्यांवर सुरू झालेलं. तिथं एका काचेत रुपेरी जरीचा ड्रेस होता, १६६० च्या आसपासचा, म्हणजे शिवाजी महाराज पन्हाळ्यावर होते तेव्हाचा. ही काचेला नाक लावून म्हणाली, "अगं बाई, हा तर आपला टिश्यूचा शालू." आणि खरंच, रेशमाच्या ताण्यात चांदीची तार, वीण तीच, विचार तोच. मी वाकून तारेची घनता मोजायला बघत होतो, मोठी म्हणाली बाबा लोक बघतायत. बघू देत की. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं कापड, कुठल्या तरी विणकरानं हातानं धोटा टाकून काढलेलं, एकही तार निसटलेली दिसेना.

आणि मग मलमल. या रूम्समध्ये नाच व्हायचे त्या काळातले पांढरे पातळ गाऊन मांडले होते, हवेसारखे. मला तिथं थोडं वाईट पण वाटलं आणि अभिमान पण, दोन्ही एकदम. इंग्लंडात १७२१ ला कायदा केलेला की छापील सुती कापड घालायचं नाही, कारण हिंदुस्थानच्या छिटांपुढं त्यांच्या लोकर-रेशीमवाल्यांचा धंदा बसायला लागला होता. तो कायदा उठला १७७४ ला. म्हणजे ही बॉलरूम उघडली तेव्हा तो कायदा चालूच होता. मलमलीला मात्र त्यातून सूट होती. जेन ऑस्टिन ही त्यांची मोठी लेखिका १८०१ ते १८०६ बाथमध्येच राहिली, तिच्या एका कादंबरीत बाथच्याच खालच्या रूम्समध्ये नाचाच्या वेळी एक तरुण बाईमाणसांशी कापडाच्या भावावर बोलतो, बहिणीच्या गाऊनसाठी अस्सल हिंदुस्थानी मलमल पाच शिलिंग वारानं आणली म्हणून सांगतो. हे मोठीनं सांगितलं तेव्हा मला नव्या पेठेतल्या दुकानात गादीवर बसून बोलणारी माणसंच आठवली. भाव, पोत, धुतल्यावर टिकेल का. सगळीकडं तेच बोलणं.

पण पैसा कुठला होता हे पण विसरून चालणार नाही. तिथं नाचणाऱ्यांत वेस्ट इंडीजमध्ये गुलामांच्या जिवावर साखरेचे मळे चालवणारे होते आणि हिंदुस्थानातून गब्बर होऊन आलेले कंपनीवाले पण होते. प्लासीवाल्या क्लाइव्हचं घर सर्कसमध्येच आहे, असेंब्ली रूम्सपासून चालत दोन मिनिटं, भिंतीवर पाटी आहे. आम्ही ते पण बघून आलो. त्या दारासमोर उभं राहिल्यावर ही काही बोलली नाही आणि मी पण नाही. मुलं घेऊन जाणार असाल तर त्यांना ते घर जरूर दाखवा, आणि दोन्ही जागा एकाच दिवशी दाखवा.

नंतरची हकिकत अशी की बाथची फॅशन ओसरली, लोक समुद्रकिनाऱ्याच्या गावांना जायला लागले, रूम्स रिकाम्या पडायला लागल्या. चार्ल्स डिकन्सनं तिथं आपली पुस्तकं वाचून दाखवायचे कार्यक्रम केले, तेवढ्यापुरती गर्दी. १९२१ ला तर बॉलरूमचं सिनेमा थिएटर झालं. मग १९३१ ला अर्नेस्ट कुक, म्हणजे ट्रॅव्हल कंपनीवाल्या थॉमस कुकचा नातू, त्याच्या पैशातून बिल्डिंग विकत घेतली गेली आणि नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देण्यात आली. १९३१ हा आकडा वाचला आणि मी थांबलो. त्याच वर्षी १२ जानेवारीला आपल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. सोलापूरच्या माणसाला १९३१ म्हटलं की दुसरं काही आठवतच नाही. मी मोठीला तिथं उभं राहून चौघांची नावं परत सांगितली, तिला माहीत होती, तरी सांगितली.

दुरुस्ती होऊन १९३८ ला रूम्स परत उघडल्या आणि चारच वर्षांत, एप्रिल १९४२ मध्ये, जर्मन विमानांनी बाथवर बॉम्ब टाकले. आग लागली, छत गेलं, आतलं सगळं जळून नुसत्या भिंती उरल्या. पण झुंबरं वाचली. का? कारण युद्ध सुरू झालं तेव्हाच कुणीतरी ती उतरवून सुरक्षित ठिकाणी ठेवली होती. बॉम्ब पडण्याच्या कितीतरी आधी. मग वीस-एकवीस वर्षं गेली, सर अल्बर्ट रिचर्ड्सनच्या देखरेखीखाली आतलं सगळं परत बांधलं आणि १९६३ ला उघडलं. म्हणजे आज आपण बघतो ते प्लॅस्टर, ते छत नवीन आहे, वरची काच मात्र गेन्सबरोच्या वेळची.

हे ऐकल्यावर मला वडिलांची आठवण आली. ते इथल्या एका मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होते. भोंगा वाजला की आमच्या गल्लीत घड्याळ लावायचे. त्या मिलमध्ये डिझाईनची सँपल बुकं होती, जाडजूड, प्रत्येक पानावर कापडाचा तुकडा चिकटवलेला, बाजूला काउंट, रीड, पिक ही सुताची-विणीची सगळी मापं शाईनं लिहिलेली. वडील मला लहानपणी एकदा आत घेऊन गेले होते तेव्हा मी ती बघितली, माझा धंदा तिथंच ठरला म्हणा. मिल बंद पडली तेव्हा ती बुकं कुणी उतरवून ठेवली नाहीत. मी चार वर्षांनी शोधत गेलो, तर भंगारात गेली म्हणाले. बाथच्या त्या रिकाम्या खोलीत वर झुंबराकडं बघताना मला ती बुकं दिसत होती. हिला वाटलं मान दुखली म्हणून डोळ्यात पाणी आलं.

म्हणून परत आल्यापासून मी एक करतोय, कुणाकडं जुनी चादर, जुनं पंचाचं ठाण, जुना ग्राफ पेपर असला तर फोटो काढून घेतो, जमलं तर तुकडा घेतो, तारीख-माग-काउंट लिहून ठेवतो. साखर पेठेतल्या एका म्हाताऱ्या विणकर आजोबांनी हातमागावरच्या चादरीचा अर्धा तुकडा दिला, त्याच्या काठाचं डिझाईन मला आजपर्यंत कुठं सापडलं नव्हतं.

आता कामाची माहिती. म्युझियम गेलंय हे वर सांगितलंच, त्यांचे कपडे जपून ठेवलेत आणि बाथमध्येच नवीन जागेत ते परत येणार आहे. बिल्डिंग २०२३ पासून नॅशनल ट्रस्टनं स्वतःकडं घेतलीय, आधी वर्षानुवर्षं तिथल्या कौन्सिलकडं भाड्यानं होती. त्यामुळं आत कधी जायला मिळतंय, काय उघडं आहे, तिकीट काय, हे जायच्या आधी त्यांच्या वेबसाइटवर नक्की बघा, तसंच कार्यक्रमासाठी हॉल दिलेला असला तर आत जाता येत नाही, आम्ही गेलो तेव्हा पण एक खोली दुपारनंतर बंद होणार होती म्हणून आधी ती उरकली. सकाळी लवकर जा. रॉयल क्रेसेंट आणि सर्कस जवळच आहेत, ते बाहेरून फुकट बघता येतं. जेवणाचं म्हणाल तर व्हेज मिळतंय गावात, पण आपल्या जिभेला काही लागत नाही, ती चटणी न्याच.

खोल्या रिकाम्या असतात, फर्निचर नाही, बाहुल्या नाहीत, हे ऐकून काही जणांना वाटेल की बघायचं काय. मला तर तेच आवडलं. पाचपैकी पाच. पण ज्यांना भरलेला राजवाडा बघायचाय, गाद्या-तक्के-तलवारी, त्यांनी दुसरीकडं जावं, इथं तुम्हाला थोडं स्वतःच्या डोळ्यांनी भरून घ्यावं लागतंय.

आणि बायकांसाठी एक खास सांगायचंय. आम्ही गेलो तो नवरात्रातला गुरुवार, पिवळा रंग. आमची ही इथं असली की नऊ दिवस रूपाभवानीला जाणारी, तिकडं देऊळ कुठलं, पण रंग मात्र एकही चुकवला नाही, बॅगेत नऊ साड्या घेऊनच आलेली. त्या दिवशी तिनं पिवळी इरकल नेसली होती, लाल काठ, लाल पदर, वरून थंडीचं जाडजूड जाकीट आणि पायात बूट. बॉलरूममध्ये कुणी नव्हतं, आम्ही तिघं आणि दाराशी देखरेखीला बसलेली एक वयस्क बाई. मी हिला म्हटलं जाकीट काढ आणि त्या टोकापर्यंत चालत जा. आधी नको नको म्हणाली, मग काढलं, पदर नीट केला आणि निघाली. त्या निळ्या भिंतीवर पिवळा असा उठला, असा उठला की मी तीस वर्षांत ग्राफ पेपरवर तसा रंग बसवू शकलेलो नाही. दाराशी बसलेली बाई उठून उभी राहिली. ही परत आल्यावर तिनं काठाला हात लावू का म्हणून विचारलं, आणि मग दोघी दहा मिनिटं बोलत होत्या, हिचं इंग्रजी आणि तिचं मराठी सारखंच, पण काठ, पदर, निऱ्या सगळं समजावून झालं.

तेव्हा जाताना एक चांगली काठापदराची साडी बरोबर न्या, काळी-करडी नको, भडक न्या. थंडी वाजली तरी आत गेल्यावर जाकीट काढा. आणि ज्यांच्याबरोबर गेलात त्यांना सांगा की मधल्या झुंबराखाली उभं राहा आणि तिथून बघा.